स्वीडनच्या पुढे गेलेलं गाव

लहान मुलं जगवण्याच्या बाबतीत बुलढाणा जिल्ह्यातलं एक गाव स्वीडनच्या पुढे आहे, असं दाखवणारा तक्ता मी माझ्या हाताने काढला होता. जाड पुठ्ठ्यावर, लाल आणि निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून. तो साहेबांच्या खुर्चीमागे दीड-दोन महिने टांगलेला होता आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला जात होता. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली असतील. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

बुलढाण्याच्या आरोग्य कचेरीत आकडे सांभाळण्यात माझा जन्म गेला. लग्नाच्या बैठकीत कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी "सांख्यिकी" म्हटलं, की समोरचा माणूस पंख्याकडे पाहायला लागायचा. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, मग हा दवाखान्याच्या खात्यात करतो तरी काय? एकदा एका होऊ घातलेल्या व्याह्याला मी सरळ सांगून टाकलं की मी मेलेली माणसं मोजतो. त्याने हातातलं पान परत तबकात ठेवलं. ते लग्न काही जमलं नाही, पण त्याला माझी नोकरी कारण होती की पत्रिका, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बालमृत्यूदर हे नाव भारदस्त असलं तरी गणित सोपं आहे. वर्षभरात हजार लेकरं जन्मली, तर त्यातली किती वर्षाची व्हायच्या आत गेली, एवढंच. वर गेलेल्यांचा आकडा, खाली जन्मलेल्यांचा. भागाकार चौथीतलं पोरही करील. अवघड आहे ते हे दोन आकडे आणायचे कुठून हे. त्या काळी ते गावच्या पोलीस पाटलाकडून यायचे, आणि जिथे नर्स नेमलेली असे तिथे तिच्या सरकारी रजिस्टरातून. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे तिरडी बांधली, हे कोतवाल पाटलाला सांगायचा. पाटील रजिस्टरात लिहायचा. महिनाअखेर त्याचा गोषवारा तालुक्याला जायचा आणि तिथून एस.टी.ने घाट चढून बुलढाण्याला यायचा. माझ्या टेबलावर येईपर्यंत तो कागद चार हातांतून गेलेला असे, आणि त्यातल्या तीन हातांनी त्या गावाची शीवही पाहिलेली नसे. मी मात्र गणनयंत्राचा दांडा फिरवून दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत उत्तर काढायचो. त्या दोन घरांचा मला फार अभिमान होता.

आमचे साहेब पुण्याकडचे. डॉक्टर म्हणून हुशार, माणूस म्हणून चांगले, आणि उत्साह इतका की हाताखालच्यांना धाप लागावी. एके दिवशी त्यांच्या हाती एक पुस्तिका आली. तीत जगातल्या देशांचे बालमृत्यूदर चढत्या क्रमाने छापलेले होते. स्वीडन अगदी वर होता आणि आपला नंबर बराच खाली. साहेबांना कल्पना सुचली. ते म्हणाले, याच यादीत आपल्या जिल्ह्यातली थोडी गावं घाला, म्हणजे आपण कुठे आहोत ते एका नजरेत कळेल.

मी यादी उतरवली. पुस्तिकेत काही देशांच्या नावापुढे चांदण्या होत्या आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात टिपा होत्या. पुठ्ठ्यावर त्यांना जागा उरली नाही, म्हणून मी चांदण्याही गाळल्या आणि टिपाही. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

गावं मी नांदुऱ्याकडची घेतली. त्यात एका नाल्याच्या अल्याडपल्याड वसलेली दोन गावं होती. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण तिथे त्या माणसांची नातवंडं नांदताहेत. एकाला पाटलांचं गाव म्हणू आणि दुसऱ्याला नर्सबाईंचं. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच ज्वारी, एकमेकांत सोयरिकी. पाटलांच्या गावात तीन वर्षांत एकच लेकरू गेलेलं. ते गाव चढत चढत स्वीडनच्या डोक्यावर जाऊन बसलं. नर्सबाईंच्या गावात मृत्यू इतके की ते जगातल्या सगळ्या देशांच्या खाली, पुठ्ठ्याच्या कडेला कसंबसं मावलं.

साहेब आधी हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "वानखडे, जिथे नर्स नाही तिथे मुलं जगतात आणि जिथे आपण नर्स दिली आहे तिथे मरतात. याचा अर्थ काय?"

माझं काम कागदावर संशय घेण्याचं. त्याच कामाचा मी पगार घ्यायचो. पण तक्ता माझा, शाई माझी, दशांश माझे. मी म्हणालो, "बाईंचं काम बरोबर नसेल, साहेब."

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

नर्सबाईंना नोटीस गेली. तिचा मसुदाही माझाच. आपल्या हद्दीत बालकांचे मृत्यू एवढे का, याचा खुलासा करावा, नपेक्षा आपली हंगामी नेमणूक संपुष्टात आणून केंद्र बंद करण्यात येईल. उत्तर पाव कागदावर आलं आणि दोनच ओळींचं होतं. लिहिलं आहे ते खरं आहे. कोणी येऊन पाहावं. साहेबांना तो उर्मटपणा वाटला. त्यांनी मलाच पाठवलं. दोन्ही गावं बघा, पाटलांच्या गावाकडून काही शिकण्यासारखं असेल तर लिहून आणा, आणि बाईंचा कारभार गडबडीचा दिसला तर तिथल्या तिथे चार्ज घेऊन या. बाईंना मोकळं करण्याचा सही झालेला हुकूम माझ्या पिशवीत होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

नांदुऱ्याला एस.टी.तून उतरलो, ओळखीच्या दुकानदाराची सायकल घेतली आणि कापसाच्या शेतांमधून आधी पाटलांकडे गेलो. स्वीडन बघायची घाई झाली होती.

पाटील साठीचे, पांढरा फेटा, बोलणं मऊ. त्यांनी चहा सांगितला आणि कापडात बांधलेलं रजिस्टर पुढ्यात ठेवलं. इतकं नेटकं रजिस्टर मी जिल्ह्यात पाहिलं नव्हतं. एक खाडाखोड नाही. मुख्य म्हणजे बाळाच्या नावाचा रकाना सगळीकडे भरलेला. इतर गावांत तो कोराच असे. मी पाटलांचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यांनीही ते मान तुकवून घेतलं.

चहा अर्धा झाला आणि माझा हात थांबला. इतर गावांत तो रकाना कोरा असतो, कारण लेकरू जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं. मग इथे सगळ्यांना नाव कसं?

मी विचारलं, "पाटील, जन्म कळला की त्याच दिवशी लिहिता ना?"

"नाही जी. बारसं झालं का मंग लिहितो. नाव नाही तं लिहू काय?"

"आणि बारशाच्या आधी लेकरू गेलं तर?"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"थे आलंच कुठं, साहेब? थे वापस गेलं."

बशी खाली ठेवली तर चहा धोतरावर सांडला. जी लेकरं वर्षाची होत नाहीत, त्यातली कितीतरी पहिल्या काही दिवसांतच जातात, हे आमच्या धंद्यात नवख्यालाही माहीत असतं. पाटील बाराव्या दिवसापर्यंत थांबायचे. त्याआधी गेलेलं मूल त्यांच्या वहीत मेलेलं नव्हतं, कारण ते जन्मलेलंच नव्हतं. वरच्या आकड्यातूनही गेलं आणि खालच्यातूनही. आणि जे उरलं त्याला भागून मी स्वीडनला मागे टाकलं होतं.

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की हे कायद्याला धरून नाही. पाटील रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. पाचवीला पाटा पुजतात, त्यावर कोरा कागद आणि टाक ठेवतात, आणि सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. तिच्या आधी माणसाने काही लिहू नये. त्यांचे वडीलही पाटील होते आणि ते पद्धतशीर त्याच दिवशी लिहायचे. त्यांनी स्वतःच्या पहिल्या मुलाचं, म्हणजे आमच्या पाटलांच्या थोरल्या भावाचं, लिहिलं. मूल तिसऱ्या दिवशी गेलं. त्याच हाताने त्याच पानावर तेही लिहावं लागलं. त्यानंतर पाटलांची आई ते रजिस्टर ज्या खोलीत असे त्या खोलीत कधी गेली नाही. मुलाच्या हाती पाटीलकी आली तेव्हा तिने एकच मागणं मागितलं, घाई करू नको म्हणून.

त्या माणसाने सरकारला फसवलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक आईला त्याने स्वतःच्या आईसारखं वागवलं होतं, एवढंच. मी शेवटी विचारलं की तीन वर्षांत अशी किती लेकरं परत गेली असतील. पाटील फेटा सारखा करत राहिले.

"मोजत नाही जी," ते म्हणाले. "मोजावं काऊन?"

सायकल हातात धरून मी नाला ओलांडला. बसण्याचं भान नव्हतं.

नर्सबाई खामगावच्या. वय तिशीचं. नवऱ्याने टाकलेली बाई, पाठीशी म्हातारी आई, आणि ही हंगामी नोकरी एवढाच दोघींचा आधार. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. मला पाहताच त्या आत गेल्या आणि किल्ल्या, औजारांची पेटी, सरकारी रजिस्टर असं सगळं आणून बाजेवर मांडलं. आई दारात उभी राहून पाहत होती. तिने बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं, ते मला दिसलं.

"मोजून घ्या," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो की मी पाटलांकडून येतो आहे. मग पेटीच्या तळाशी हात घालून त्यांनी शाळेच्या पोरांची असते तसली एक शंभर पानी वही काढली. ती सरकारी नव्हती. पहिलं पान उघडलं. मंगळवारची मुलगी, दोन दिवस. गुरुवारचा मुलगा, सकाळ ते संध्याकाळ. रविवारची मुलगी, सहा दिवस, धनुर्वात. प्रत्येक ओळीत आईचं नाव होतं आणि गावाचं.

त्यांनी सांगितलं, "याईले नाव नव्हतं. बिननावाचं माणूस ध्यानात राहत नाही. म्हून म्या वार लिहिला."

त्यांची रीत निराळी होती. किती लेकरं, असं त्या बाईमाणसाला कधी विचारत नसत. किती येळा दिवस गेले, असं विचारायच्या. मग पहिल्याचं काय झालं, दुसऱ्याचं काय झालं, असं एकेक. तसं विचारलं की बाया सगळं सांगतात. पहिल्या वर्षी त्यांनी फक्त लेकरं विचारली होती, तेव्हा त्यांचंही गाव फार छान दिसत होतं.

मी पानं उलटत गेलो आणि थांबलो. वहीत पाटलांच्या गावचीही लेकरं होती. तिथे कुणी बाळंतीण अडली की इकडे निरोप यायचा आणि नर्सबाई नाला ओलांडून जायच्या. तीन वर्षांतली सात लेकरं मी मोजली. आत्ताच पाहिलेल्या त्या नेटक्या रजिस्टरात यातलं एकही नव्हतं. मग ती होती कुठे? मी सरकारी रजिस्टर उघडलं. तिथे होती. पाटील लिहीत नाहीत म्हणून बाईंनी ती स्वतःच्या गावाच्या मृत्यूंत धरली होती. कुठेतरी असावीत म्हणून.

म्हणजे पाटलांचं गाव स्वीडनच्या पुढे नेलं ते त्या मुलांना वगळून, आणि नर्सबाईंचं गाव जगाच्या तळाला ढकललं ते त्याच मुलांच्या ओझ्याने. आणि खुलासा मी मागितला होता तो ज्या बाईने ती लिहून ठेवली तिच्याकडे. मी बाजेवर बसलो. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "तिकडं अजून विळ्यानं नाळ कापतात, साहेब. धनुर्वातानंच जातात बरीचशी. म्या मागल्या साली अर्ज केला, तिथं एक बाई द्या म्हून. उत्तर आलं का गरज दिसत नाही. तुमच्या कागदावर तिथं लेकरं मरतच नाहीत, तं बाई कोण देईन?"

ते उत्तर कुणी तयार केलं असेल हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पिशवीतला हुकूम मी बाहेर काढलाच नाही. किल्ल्या त्यांच्या आईच्या हातात दिल्या आणि वही चार दिवसांसाठी मागून घेतली. निघताना बाईंनी सहज विचारलं, "तुमाले किती लेकरं, साहेब?"

"दोन. मुलगा आणि मुलगी."

"घरी बाईले इचारून सांगा," त्या म्हणाल्या. तो टोमणा नव्हता. त्या सगळ्याच पुरुषांना तसं म्हणत असाव्यात.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी वही उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्चीत बसून संपवली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ती देशांची पुस्तिका मागवली आणि तळाच्या टिपा भिंगाने वाचल्या. काही देशांत नोंद व्हायच्या आत दगावलेलं मूल मेलेलंच जन्मलं असं धरतात, तरी तुलना जपून करावी, असं तिथे चक्क छापलेलं होतं. म्हणजे आमचे पाटील काही एकटे नव्हते. साता समुद्रापलीकडेही त्यांचे भाऊबंद होते, फक्त त्यांच्याकडे सटवाईच्या जागी कायद्याचं कलम होतं.

"वानखडे, हे तक्त्यात का नाही?"

"जागा नव्हती, साहेब."

साहेबांनी स्वतः उठून तक्ता उतरवला. नोटीस मागे घेतली, बाईंची नेमणूक टिकली, आणि त्यांना आठवड्यातले दोन दिवस पाटलांच्या गावी जाण्याचा हुकूम निघाला, सोबत नाळ कापायची पाती आणि साबण. साहेब पाटलांकडेही जाऊन आले आणि काय बोलले कोण जाणे, पाटील जन्माच्या दिवशी लिहायला लागले. लगेच पुढच्या वर्षी त्या गावातले मृत्यू कागदावर भसाभस वाढले आणि वरून पत्र आलं की या गावाची अचानक अधोगती का झाली, याचा खुलासा करावा. तो खुलासा मी चार पानी लिहिला. माझ्या नोकरीत अभिमानाने सही केलेला तेवढा एकच कागद. पण जुना आकडा तोवर वर गेला होता आणि वार्षिक अहवालात छापूनही आला होता. वर गेलेला आकडा खाली येत नाही. कुठल्यातरी कपाटात ते गाव अजून स्वीडनच्या पुढे असेल.

तेव्हापासून वर्तमानपत्रात देशांची अशी यादी आली की मी आधी चांदण्या शोधतो. एखादा देश खाली दिसला की वाटतं, तिथे कुणीतरी बाई वही घेऊन बसलेली असेल.

आता राहिलेलं सांगतो. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

नर्सबाईंकडून परतताना नांदुऱ्याहून एस.टी. पकडली. घाट लागला आणि बाईंचा प्रश्न डोक्यात फिरायला लागला. दोन. मुलगा आणि मुलगी. बरोबर तर सांगितलं. आणि मग एकदम आठवलं. आमचं पहिलं बाळंतपण खामगावाजवळ, शांताच्या माहेरी झालं होतं. मला पोस्टकार्ड आलं तोवर सगळं आटोपलं होतं. मी गेलो, सासूबाई म्हणाल्या मुलगी होती, चार दिवस होती. तिमाहीचे तक्ते पाठवायचे राहिले होते म्हणून मी दुसऱ्याच गाडीने परत आलो. त्यावर मी शांताशी कधी एक अक्षर बोललो नाही. जिल्हाभरची लेकरं मोजणारा माणूस, आणि स्वतःचं लेकरू विसरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. शांता ओसरीत ज्वारी निवडत होती आणि दोघं पोरं अंगणात खेळत होती. मी पिशवी ठेवली, समोर बसलो आणि विचारलं, "तुले किती येळा दिवस गेले?"

तिचा हात ताटातच राहिला.

"आज काऊन इचारता?"

मी तिला नर्सबाईंची वही दाखवली. तिला वाचता येत होतं. मंगळवारची मुलगी, गुरुवारचा मुलगा, तिने बोट ठेवून हळूहळू पानं वाचली. मध्येच एकदा तिने पदर तोंडाशी नेला. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागली. ताटाकडेच बघत ती बोलली.

"तीन येळा. पहिली शुक्रवारची होती. मायनं पाचवीसाठी कागद आणून ठेवला होता. थो तसाच कोरा राह्यला."

तो वार मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. ती गेली त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मी बाईंना पोस्टकार्ड टाकलं, की तीन. त्यांनी उत्तर पाठवलं नाही, त्याची गरजही नव्हती. शुक्रवारच्या मुलीची नोंद मी पुढे खामगावकडच्या रजिस्टरात जाऊन शोधली. जन्मात नव्हती आणि मृत्यूतही नव्हती. आता शांताही नाही, आणि ती मुलगी आठवणारा माझ्यावाचून कोणी उरला नाही. म्हणून, उशीर फार झाला आहे तरी, इथे लिहून ठेवतो. आई शांता. मुलगी, शुक्रवारची, चार दिवस. खबर देणारा, बाप.